काळ्यावर काळं

ओगिकुबोत, सायकलींच्या दुकानावर,
रात्री दोन वाजता
मी एका ग्रंथपाल बाईला जिना चढवते आहे.

नाव शिगाराकी, हुद्दा लेफ्टनंट.
पाठीला रायफल, काखेत सात पुस्तकं.
मालिकेत ती चार सेकंदांत वर पोचेल;
माझ्या टेबलावर मंगळवारपासून चढतेच आहे.
पहिली पायरी नेझूसानांनी काढली, शेवटचीही त्यांनीच.
मधलं सगळं माझ्याकडे,
नगाला दोनशे तीस येन,
आणि शेवटी यादीत एवढंसं नाव
की आई टीव्हीला नाक लावून बसते तरी निसटतं.

रायफल जमते मला. तिला कडा आहेत,
ती जशी आहे तशीच राहते.
पुस्तकं छळतात.
धावताना काखेतून एकेक सुटू बघतं,
मधल्याचं पान फडकतं, खालचं घसरतं,
आणि नेझूसान लाल पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहितात:
"वजन कुठाय? पुस्तकं नेतेय की उशा?"
म्हणून मी दोन शब्दकोश, रेल्वेचं एक जुनं वेळापत्रक
आणि उरलेल्या चार नगांऐवजी तांदळाची पिशवी घेऊन
बाहेरचा लोखंडी जिना धावत चढले.
वरच्या मजल्यावरच्या फुवासानांनी दार किलकिलं केलं,
माझ्याकडे पाहिलं, तांदळाकडे पाहिलं,
काही न बोलता लावून घेतलं.

जिना अजून संपत नाही,
पण त्यापुढचा कट, दोनशे चौदा, परवाच झाला.
शिगाराकी वर पोचलेली.
वाचनकक्षात गोळी झाडायची नाही, हा त्यांच्या दलाचा नियम,
म्हणून ती दारातच रायफल खाली ठेवते.
आत कुणी नसतं. समितीची माणसं येऊन गेलेली.
टेबलावर एक पुस्तक उघडं,
सहा ओळींवर शाई.
पडद्यावर तीन सेकंद.

दिग्दर्शक कुरुसू म्हणाले, काळे पट्टे ओढ नि मोकळी हो,
खाली काय होतं ते कोण विचारतंय?

मी नेझूसानांना विचारलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.
म्हणाले, युद्ध संपलं त्या शरदात आई नऊ वर्षांची होती.
वर्गात बाईंनी सांगितलं, अमुक पान, अमुक ओळ, कुंचला घ्या.
कागद हलका, शाई पाठपोट उतरली,
मागच्या पानावरचा बेडूकही गेला बिचारा.
आज तिला माझं नाव आठवत नाही,
पण तो धडा म्हणते, घडाघडा,
स्वल्पविरामाला थांबून.

मी म्हटलं, बघा, म्हणजे पुसून काही पुसलं जात नाही.

"धडा वाईट होता," ते म्हणाले.
"तोफा, झेंडे, मरायची हौस.
पुसायलाच हवा होता.
हे काढता आलं तर काढ."

नाही आलं.
पण पट्टे ओढण्याआधी मी ओळी लिहिल्या, सहाच्या सहा,
कडक पेन्सिलीनं, दाबून.
आधी पांढऱ्यावर काळं केलं,
मग काळ्यावर काळं.
काय लिहिलं ते सांगत नाही.
स्कॅनरला फक्त पट्टे दिसले, कुरुसूंनी मान डोलावली,
कागद खोक्यात गेला.
उलटा केला तर मात्र बोटांना लागतात अक्षरं,
पाठमोरी, जरा वर आलेली,
थंडीत हातावर काटा यावा तशी.

काल सकाळी नेझूसानांनी तो खोक्यातून काढला.
उलटा धरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.
मग लाल पेन्सिलीनं, तिसऱ्या ओळीच्या पाठीवर,
एका अक्षरातली
माझ्याकडून राहून गेलेली रेघ
भरून दिली.