कॉलम-सेंटिमीटर

मी पानं लावते. नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री साडेअकरापर्यंत.
बातमी मला वाचावी लागत नाही, मोजावी लागते.

रविवारचं पहिलं पान गोडांब्यांचं.
तेहेतीस बाय बावन्न, चार रंग.
वर गीझर, खाली पाच वर्षांची वॉरंटी,
उजवीकडे चौकटीत त्यांचा हसरा फोटो
आणि मथळा: ‘स्पष्टच सांगतो’.
देशाचं काय चुकतंय, तरुण का बिघडलेत,
कुणाला मत द्यावं, कुणाला दारात उभं करू नये,
सगळं स्पष्ट.
शुद्धलेखन आम्ही नीट करून देतो,
ते बिलात धरत नाही.

खोटं कशाला बोलू, मला आवडायचे ते.
कर्वे रस्ता तिसऱ्यांदा उकरला
तेव्हा महापालिकेला त्यांनी जे सुनावलं
ते कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.
सोमवारी तेच आमच्याकडे बातमी होऊन आलं,
‘उद्योजक गोडांबे यांचा घणाघात’.
मंगळवारी त्यावर अग्रलेख.
एका माणसाचं बोलणं तीन दिवस पुरवून खाल्लं आम्ही.
निर्भीड माणूस, म्हणायचे लोक.
आता वाटतं, त्यांना भ्यायला उरलंच कोण होतं?

मग तो गुरुवार.
तांबोळीची बातमी पिरंगुटहून आली, नऊ वाजून दहा मिनिटांनी.
टाकीची चाचणी घेताना स्फोट. तिघं भाजले, एक गेला.
संतोष मरगळे, वय सव्वीस, राहणार उरवडे.
कारखान्याचं नाव होतं.
व्हॉल्व्ह महिनाभर अडकत होता, असं सांगणारे दोघं होते.
बावीस सेंटिमीटर.

फोन आला नाही.
हे मला लिहून ठेवायचंय. कुणाचाच फोन आला नाही.
गोडांबे झोपलेही असतील तोवर.
अंतरकरसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
म्हणाले, जरा आटोपशीर कर.
जाहिरात खात्यातला पोंक्षे येऊन
माझ्या खुर्चीमागे उभा राहिला,
पाणी प्यायला, गेला.

मी आटोपशीर केलं.
आधी व्हॉल्व्ह गेला. मग ते दोघं.
मग नावाच्या जागी ‘एका खासगी कंपनीत’.
मग पान सात, पाणीकपातीच्या वेळापत्रकाखाली,
चार सेंटिमीटर.
मरगळेचं नाव शेवटच्या ओळीत पडत होतं
आणि शेवटची ओळ मावत नव्हती.

तांबोळीने दुसऱ्या दिवशी काही विचारलं नाही.
पेपर घडी करून डब्याखाली घेतला, जेवला.
घरी मी आंघोळीला गेले. गीझर त्यांचाच,
कर्मचाऱ्यांना तीस टक्के सूट होती दिवाळीत.
पाणी कडकडीत येतं, तक्रार नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर
मरगळेचा धाकटा भाऊ आला.
रोख घेऊन. पाच बाय आठ, काळी-पांढरी.
फोटो कुणाच्या तरी हळदीतला,
शेजारच्याचा खांदा मला कापून काढावा लागला.
मजकुरात ‘कामावर असताना’ असं होतं.
शब्द मोजून दर सांगितला,
तेव्हा त्याने ते दोन शब्द खोडले.
पैशाचं नाही, म्हणाला,
सोमवारपासून मीपण तिथंच लागतोय.

आमच्या पेपरात संतोष मरगळे आला तो असा.
पावती फाडून.

मी चौकटीची रेघ एक पॉइंट जाड केली.
तेवढंच माझ्या हातात, असं म्हणण्याची सोय आहे.

पहिलं पान ठरल्याप्रमाणे.
‘स्पष्टच सांगतो’मध्ये त्या रविवारी आम्हीच होतो:
वर्तमानपत्रांना आता कणा उरलेला नाही.
त्यांनी ‘कना’ लिहिलं होतं.
मी बराच वेळ त्या ‘न’कडे बघत बसले
आणि पान तसंच सोडलं.

सोमवारी सकाळी दहाला फोन आला.