समक्ष

एका सहीचे पंधरा डॉलर. हा दर सरकारनं ठरवलेला.
त्यातच माझं पेट्रोल, शाईचं पॅड,
आणि रात्री साडेनऊला डोंगरावरच्या त्या फाटकाशी
गाडी थांबवून भिंतीतल्या डब्याला नाव सांगणं :
आराक्सी. नोटरी. ग्लेंडेलहून आलेय.

फाटक मात्र अदबीनं उघडलं.

आत लॉर्न टॅकबेरी. तेच ते हसू.
चौदा वर्षं दर शुक्रवारी माझी आई
त्या हसण्यासमोर डाळिंब सोलत बसायची.
इंग्रजी तिला कळत नसे, पण कुणी मोटार जिंकली
की टाळ्या वाजवायची, लाल हातांनी.
मी हे त्याला सांगितलं. सांगायला नको होतं.
त्यानं स्वतः कॉफी करून दिली मला.

ओट्यावर कागद. ओटा कसला,
माझ्या दुकानाएवढा संगमरवर.
या घरावर कर्ज, समुद्रावरच्या घरावर कर्ज,
दूर कुठे बर्फातल्या तिसऱ्या घरावरही,
आणि तिन्ही अर्जांत एकाच चौकटीत बरोबरची खूण :
आम्ही इथेच राहतो.
मी वाचलं नाही. नोटरीनं वाचायचं नसतं,
फक्त माणूस बघायचा.

"आणि मिसेस?"
"वर आहे. डोकं दुखतंय तिचं. आणतो मी."
वही, पेन, शाईचं पॅड घेऊन तो वर गेला
आणि मी खाली, कॉफी निवेपर्यंत
फ्रीजची घरघर ऐकत राहिले.
परतला तेव्हा सह्या ओल्या होत्या,
अंगठ्याच्या रकान्यात अंगठा होता.
मी शिक्का मारला :
माझ्या समक्ष हजर होऊन.

समक्ष म्हणजे डोळ्यांपुढे.
माझ्या डोळ्यांपुढे एक जिना होता.

आता त्याच फाटकावर नोटीस चिकटवलीय.
लिलाव सत्तावीसला, सकाळी नऊ वाजता,
कोर्टाबाहेरच्या कारंज्यापाशी,
रोख किंवा बँकेचा चेक.
टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून त्यांचा तलाव दाखवतात,
शेवाळून हिरवागार.
शेजारच्या बेकरीतली सिरानुश म्हणते,
बरं झालं, माजले होते मेले.
आणि त्याच दमात, त्या झुंबराचं काय होईल गं?

मंगळवारी ती आली. डेल्फीन.
काळा चष्मा काढून काउंटरवर ठेवला.
चेहरा पडद्यावरच्यापेक्षा बराच लहान.
"वही बघू शकते?"
पान काढून दिलं. बराच वेळ बघत राहिली.
"हा माझा आहे का?"
बाई, हे तुम्ही मला विचारताय?
"तेव्हा मी गोळ्या घ्यायचे. तो कागद आणायचा.
केल्या असतील सह्या. नसतीलही.
आम्ही बर्फात राहतो
हे मला बातम्यांमधून कळलं."

मी पॅड उघडलं. जुन्या पावतीच्या पाठीवर
तिनं अंगठा दाबला, जरा जास्तच जोरात.
भिंग घेऊन आम्ही दोघी वाकलो,
डोक्याला डोकं लागेल इतक्या.
वहीतला शंख, की शाई पसरलेलं चक्र?
पावतीवर चक्रच, पण मधून पांढरी रेघ गेलेली.
"हे परवाचं," ती म्हणाली, "भाजलं.
अंडं तळत होते. पहिल्यांदाच."

गुरुवारी तपासनीस येणार आहेत, दोघं.
वही त्यांच्या हवाली करायची.
तिच्याविषयी विचारतील, त्याच्याविषयी विचारतील,
मग खुर्ची थोडी पुढे ओढून
माझ्याविषयी.
मी जिन्याचं सांगेन. पायऱ्या किती, असं विचारलं तर
तेही सांगेन : बावीस. मोजल्या होत्या.

जाताना तिनं विचारलं, किती झाले?
सही नाही, शिक्का नाही, काही नाही, म्हटलं मी.
तरी दहाची एक नोट आणि पाच सुट्टे
काचेवर ठेवून गेली.
ते अजून गल्ल्यात टाकलेले नाहीत.

आणि त्यांच्या शेजारी, काचेवरच,
तिचा अंगठा उमटलाय, निळसर, रेघेसकट.
फडकं घेऊन उठले होते मी.
दोनदा.