पासबुकाच्या मागच्या पानावर

डिसेंबरची तीस. वेंगुर्ल्याच्या बाजारात
पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या वळणावर अडकल्यात,
आणि मी स्कूटरला किक मारून, पिशवी पुढे अडकवून
निघालेय फेरीला. एकोणीस वर्षं झाली.
पतपेढीची पिग्मी. रोजचे वीस, पन्नास, क्वचित शंभर.
मशीन किरकिरतं, पावती ओकतं,
तिच्यावरची शाई उन्हात दोन महिन्यांत उडते.
तेवढ्यावर माणसं विश्वास ठेवतात.

दोनशे चौदा खाती होती. आता एक्याऐंशी.
सोडावाला, चष्मेवाला, सलूनवाला नार्वेकर,
सगळ्यांच्या गल्ल्यावर काळे चौकोन चिकटलेत.
पैसे हल्ली न दिसता येतात, न दिसता जातात,
त्यांना न्यायला दारात कोणी यावं लागत नाही.
मॅनेजर म्हणाला, वहिनी, मार्चनंतर कमिशन...
वाक्य पुरं केलं नाही. चहा मात्र मागवला.

म्हणून रात्री कोर्स. साडेचार हजार, दोन हप्त्यांत.
डिजिटल मार्केटिंग. फोन मिठाच्या बरणीला टेकवून
भाकरी थापता थापता ऐकते.
सर विचारतात, तुमचा ग्राहक कोण? वय काय, आवड काय,
किती वाजता हातात मोबाईल घेतो?
मला हसू येतं.
पिठाचे हात पुसून लिहिते, पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर:

रोझलिन, मासळी बाजार, तिसरा ओटा.
पैसे साडेनऊला, लिलाव उरकल्यावर. अकराला गेलात तर नुसता बर्फ.
दाजी केळुसकरकडे सोमवारी मागायचं नाही.
हसीना बांगडीवाली चतुर्थीआधी दुप्पट भरते,
पितृपक्षात शून्य; तेव्हा बसायचं, पाणी प्यायचं, उठायचं.
जेटीवरचा बर्नाड, बायको समोर असली तर दहा, नसली तर पन्नास,
कारण ते तिच्याच पाटल्यांचे आहेत, पाच वर्षं लपवलेले.

सर याला डेटा म्हणतात.

सर फळ्यावर फनेल काढतात. वर रुंद, खाली चिंचोळं.
अहो, नरसाळं.
रेशनच्या रॉकेलला मीच धरायची ते, बाटलीच्या तोंडाशी,
आणि मला ठाऊक आहे,
बाहेर सांडतं त्याचाच वास जास्त दिवस राहतो.

मुलगी म्हणते, आई, एक तारखेपासून सुरू कर, संकल्प लिही.
माझं वर्ष मार्चअखेर संपतं, बाय.
खतावणी मिटल्याशिवाय नवं पान उघडायचं नाही.
एक्याऐंशी जणांच्या हातात व्याजासकट ठेवायचेत,
प्रत्येकाची सही, नाहीतर अंगठा.
मग एप्रिल.

भीती आहेच. त्रेचाळिसावं लागलंय.
ज्या काळ्या चौकोनानं माझी फेरी खाल्ली
त्याच्याच घरी काम मागायला चाललेय,
हे दिवा मालवल्यावर कळतं.
दीपस्तंभाचा उजेड कौलांवरून जातो, परत येतो.
सवयीनं मोजते. कधीतरी झोप लागते.

रोझलिनला आज सांगून टाकलं.
नाताळच्या उरलेल्या नेवऱ्या तिनं कागदात बांधल्या होत्या माझ्यासाठी.
"मगे माझे पैसे न्हेवक कोण येतला?"
मी म्हटलं, येईन की. पैशांना नाही,
तुझ्या सुक्या सुंगटांची जाहिरात करू, पार पुण्यापर्यंत पाठवू.
तिनं तराजू खाली ठेवला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं,
पापलेट ताजं आहे का बघावं तसं.
"फोटो काढ," म्हणाली. "पण माझो नको. सुंगटांचो काढ."

काढला.
कडेला तिचा हात आलाय,
खवल्यांनी चमकणारा, ओली वीसची नोट पुढे केलेला.
सर म्हणतात, नको असेल ते छाटा.
घरी येऊन तीनदा बोट ठेवलं त्या कडेवर,
तीनदा उचललं.