निव्वळ वजन

नवे अल्बम मध्यरात्री सुटतात,
गुरुवार संपून शुक्रवार लागताना.
तेव्हा मी जालन्यात, एमआयडीसीतल्या साठ टनी काट्यावर
नाइट पाळीला असतो.
एका कानात इअरफोन. दुसरा कान हॉर्नसाठी.

शर्वरीताईंचं पुण्याहून ठरलेलं:
महिन्याला तीन अल्बम, प्रत्येकी दीडशे शब्द, पाचापैकी तारे,
आणि कृपा करून
प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय ते समजावत बसू नका.
बरं. नाही बसत.

पहिला कुठल्याशा बर्फाच्या गावाहून आलेला.
गिटार स्वच्छ, ड्रम स्वच्छ,
दुःखसुद्धा धुऊन इस्त्री केलेलं.
लिहिलं: घर छान बांधलंय, राहायला कुणी आलेलं नाही.
अडीच.

दुसरा म्हाताऱ्यांचा. चाळीस वर्षांनी एकत्र आलेत.
गायकाचा आवाज आता वर पोचत नाही,
तर त्यांनी सगळी गाणीच गुपचूप खाली आणली,
आईनं माळ्यावरचे डबे
एकेक करून खालच्या फळीवर आणावेत तशी.
चार. त्यातला एक त्या फळीला.

मध्येच भंगाराची गाडी. भरलेली, अठ्ठावीस टन चारशे.
लतीफमामू केबिनमध्येच झोपलेले, मी उठवलं नाही.

पलीकडं रोलिंग मिल.
लाल सळई पळते, वळणावर ठेचकाळते, परत पळते.
मी बोटांवर मोजतो: सात, सात, सात,
मग एकदम पाच.
ह्या तालाला काय म्हणतात ते मिलमधल्यांना
कुणी सांगितलेलं नाही.
त्यांना एवढंच ठाऊक,
की पाचाच्या वेळी हात लांब ठेवायचा.

तिसरा अल्बम नांदेडच्या चौघांचा.
बँडचं नाव पाणीपाळी. एकच गाणं, बावीस मिनिटांचं.
अकराव्या मिनिटाला मागं कुलर ऐकू येतो,
काढता आला असता, त्यांनी ठेवलाय.
कीबोर्डला कुणी प्रज्ञेश वाठोरे.
पोरगा दोन सूर वाजवतो,
तिसरा येईल येईल म्हणेपर्यंत
येत नाही.

लिहिलं: शेवटची सहा मिनिटं कापायला हवी होती.
खोडलं.
लिहिलं: मिक्सिंग गढूळ आहे.
ते खरं होतं, तरी खोडलं.

आमचंही एक होतं. एकोणीस मिनिटांचं.
औरंगाबादेत, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी.
सहा वेळा वाजवलं,
त्यातल्या पाच वेळा मंडपवाल्यानं लाइट काढली.
सहाव्या वेळी पूर्ण झालं
तेव्हा समोर खुर्च्या रचणारा एक जण होता,
आणि तो थांबला होता, हातात चार खुर्च्या घेऊन.

साडेतीनला मामू गाडी रिकामी करून आले.
काट्यावर लावली, उतरले, चहाकडं निघाले.
मी खिडकीतून ओरडलो: मामू, चढा परत!
भरताना आत होतात,
आता बाहेर राहिलात तर ऐंशी किलोचा माणूस
भंगाराच्या भावात जाईल.
मामू हसत चढले.
लाल आकडा ऐंशीनं वाढला आणि ठरला.

मग चहा. त्यांनी माझ्या कानाकडं बोट केलं:
क्या सुनरा?
एक इअरफोन दिला.
बऱ्याच वेळानं म्हणाले, शुरू कब होता?
शुरूच है, मामू.
अच्छा, म्हणाले,
आणि चहा संपला तरी काढला नाही.

पहाटे दीडशे शब्द पाठवले.
कुलरबद्दल लिहिलं, गढूळपणाबद्दलही लिहिलं,
न आलेल्या तिसऱ्या सुराबद्दल जरा जास्तच.
ताऱ्यांच्या जागी पावतीवर टाकतो तसा शेरा टाकला:
वजन करताना इसम गाडीत होता.

पाळी संपवून गेटबाहेर आलो,
तर शर्वरीताईंचा मेसेज:
तारे राहिलेत.