रकाना क्रमांक सात

नमुन्यात जागा एकाच नावाची.
प्रशिक्षकाचे नाव, पद, पात्रता, मान्यता आदेश क्रमांक.
पलूसच्या या चौदा खोल्यांच्या कॉलेजात
मी एकवीस वर्षं रकाने भरतोय,
पण या सातव्याशी माझी कुस्ती
सकाळपासून खडाखडीतच अडकलीय.

कागदावर आहेत ते मदने सर.
संचालक, शारीरिक शिक्षण, पूर्ण वेतनश्रेणी.
गडी खो-खोचा. लाल मातीला
उभ्या जन्मात त्यांची पाठ लागली नाही,
कारण ते उतरलेच नाहीत.
पण वजनाची वही त्यांच्याकडे.
सत्तावन्नला कोण, एकसष्टला कोण,
कुणाच्या डब्यात दोनच भाकरी येतात,
कुणाचा बाप पोराची गदा विकायला निघालाय,
सगळं त्याच वहीत,
पेन्सिलीनं, खोडता येईल असं.

वैजयंता खरमाटे तासिका तत्त्वावर.
पहाटे साडेचारचा तास
कुठल्याच वेळापत्रकात नाही,
म्हणून तो मला बिलात धरता येत नाही.
बाकीच्यांचे पैसे नऊ महिन्यांनी येतात,
तेव्हा ती सही करते आणि विचारते,
"भाऊसाहेब, नव्या मॅटचं काय झालं?"
मुली शिकवायला घेतली होती.
आता पोरंही तिच्याकडूनच बगलडूब शिकतात,
घरी सांगताना मात्र
"वस्तादांनी दाखवली" म्हणतात.

आणि वस्ताद, इलाही शिकलगार.
माझ्या दप्तरी मैदान सेवक, रोजंदारी.
दोन्ही कान फुटून मुटकुळं झालेले,
डावा तर पुरता बंद.
हौदातली माती ते कणकेसारखी मळतात.
हळद, लिंबू, तेल, ताक.
गेल्या साली लेखापरीक्षकानं लाल शाईनं विचारलं,
"ताक चाळीस लिटर, प्रयोजन काय?"
मी लिहिलं, मैदान देखभाल.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

तासगावची ती अंतिम कुस्ती.
प्रणोती कोळेकर दोन गुणांनी मागं,
कोपऱ्यात फक्त गळ्यात कार्ड असलेल्यांना जागा.
एक वैजयंताकडं होतं.
मदने सरांनी आपलं काढलं
आणि वस्तादांच्या गळ्यात घातलं.
पंचानं कार्डावरचा फोटो बघितला,
मग ते कान बघितले,
आणि घड्याळाकडं तोंड फिरवलं.
सर गॅलरीत जाऊन बसले, पोरींच्या पिशव्या सांभाळत.
वस्ताद एकदाच ओरडले. काय, ते कुणालाच कळलं नाही.
प्रणोतीला कळलं.
ढाल आता प्राचार्यांच्या केबिनमध्ये आहे,
एअर कंडिशनरच्या खाली, पाणी ठिबकतं तिथं.

आणि आज हा नमुना.
उत्कृष्ट प्रशिक्षक, महाविद्यालयीन गट, तीन प्रतींत.
मदने सर दारातूनच म्हणाले, "वस्तादांचं घाला."
वैजयंताला फोन केला. तीही म्हणाली, "वस्तादांचं."
मग, "आणि सरांचं राहिलं तर?"
मग नुसतंच, "बघा तुम्ही."

मी उठून हौदाकडं गेलो.
वस्ताद गुडघ्यापर्यंत मातीत, खोऱ्यावर हात टेकून.
उजव्या कानाजवळ वाकून मोठ्यानं विचारलं,
"वस्ताद, तुमची पात्रता काय लिहू?"
"पात्र?"
"पात्रता!"
"कसलं पात्र, ताकाला?
पितळेचं नगं आणू बाबा, कळकतं.
आपलं स्टीलचं आण.
आन झाकण बघून घे."

परत येऊन टेबलाशी बसलोय.
पट्टी घेऊन एका रकान्यात
दोन बारीक रेघा मारल्यात, त्याचे तीन झालेत.
अक्षर इतकं बारीक काढावं लागेल
की वरच्या कचेरीत चष्मा पुसावा लागेल कुणाला तरी.
मान्यता आदेश क्रमांकाखाली
अजून काही सुचत नाही.
साडेपाचला टपाल जातं.
मागं मॅटवर कुणीतरी आपटलं,
आणि ती ओरडली, "कंबर! अगं, कंबर खाली!"