सोबत जोडले आहे

सकाळी नऊ अठ्ठावीसला मेल आला,
अकरा जणांना, आणि शेवटी मला.
माझं नाव त्यात तीनदा होतं,
तिन्हीदा स्पेलिंग चुकलेलं.

केयूर अमीन लिहितो:
गॅस्केट कमी पडणार, हे खानविलकरांना
गुरुवारी, चौदा तारखेला, तोंडी सांगितलं होतं.
त्या ‘बघू’ म्हणाल्या.
फोनवर त्या तुसडेपणाने बोलतात.
म्हणून दहेजचा माल अडकला.

‘तोंडी’ या शब्दाकडे मी बराच वेळ बघत बसले.
तोंडी, म्हणजे ज्याला पान नाही,
पानाला क्रमांक नाही,
कोपऱ्यात कुणाची आद्याक्षरं नाहीत.
मकरपुऱ्याच्या या स्टोअरमध्ये बावीस वर्षं काढली,
एक वॉशरसुद्धा मी तोंडी दिलेला नाही.

पहिला मसुदा पावणेदोन पानं झाला.
त्यात २००९ सालची एक गोष्ट आली,
आधीच्या साहेबांची बदली आली,
पाच उद्गारचिन्हं आली.
वाचून बघितला तर वाटलं,
हिने नक्की काहीतरी केलं असणार.
पुसला.

दुसऱ्यात एकाच शब्दाशी अडले.
धादांत खोटं:
मराठीत त्याला दात आहेत, उच्चारताना लागतात.
गुजरातीत ‘साव खोटी वात’,
म्हणताना तोंड गोडच राहतं.
कंपनीच्या इंग्रजीत खोटं नसतंच,
फक्त गैरसमज असतात,
आणि ते नेहमी दोघांचे.

हंसाबेन चहा ठेवून गेल्या. जाता जाता म्हणाल्या,
जवा दो ने, बेन.
बडोद्यात निम्मी भांडणं या तीन शब्दांवर मिटतात.
उरलेली निम्मी
त्यांच्याखाली मुरत राहतात, बरणीत.

चौदा तारखेला मी सयाजी हॉस्पिटलात होते.
थोरल्या दिरांच्या डोळ्यांवरची पट्टी सुटायची होती.
पट्टी सुटल्यावर ते आधी भिंतीकडे बघून म्हणाले,
रंग कुणी दिलाय हा असला?
हे अकरा जणांना कशाला सांगायचं.
रजेचा अर्ज पुरे.

आणि फोनवर तुसडेपणा,
ते खरं आहे.
तळाशी एकच खोका भरलेला ठेवावा
आणि वर तीन रिकामे रचावेत,
लांबून ट्रॉली भरलेलीच दिसते.
खोटं बोलणाऱ्यालाही माल लावता यावा लागतो.

तिसरा मसुदा:
चौदा तारखेला मी रजेवर होते. अर्ज सोबत जोडला आहे.
गॅस्केटची मागणी सोळाला दुपारी चार वाजता आली.
नोंदवहीचं पान सोबत जोडलं आहे.
माल पाच दहाला दिला. सही केयूरभाईंची आहे.
फोनवर मी तुटक बोलते, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे.
कृपया नोंद दुरुस्त व्हावी.

त्याच अकरा जणांना. एक कमी नाही, एक जास्त नाही.
पाठवताना हात थरथरला नाही असं लिहिलं
तर ते धादांत खोटं होईल.

नऊ जण गप्प राहिले.
एकाने लिहिलं, ‘नोटेड’.
मेघनाबेनने नुसता अंगठा.

रात्री दांडिया बाजारात, गॅसवर आमटी उकळत असताना,
फोनवर परत उघडून पाहिलं.
माझ्या सहा ओळींच्या खाली
त्याचा मेल तसाच लटकलेला होता, अक्षरही न बदलता.
ज्याला माझं खरं वाचायचं
त्याला थोडं खाली सरकलं की तेही मिळणार.
खरं एकटं जातच नाही कुठे.
आमटी उतू गेली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास
केयूर खिडकीशी आला.
काही न बोलता मागणीचा कागद पुढे केला.
लेखी. तारीख, वेळ, सगळं जागच्या जागी.
नावाचं स्पेलिंग अजून चुकलेलंच.
मीही काही न बोलता नोंदवही फिरवून
बोट ठेवलं, इथे सही.

तेवढ्यात फोन वाजला.
‘बोला,’ म्हटलं मी.
मग तो समोर उभा आहे हे लक्षात येऊन,
किंवा तेवढ्यासाठीच नसेलही,
‘बोला ना.’