निकाली

नाव ठेवलं सुकुमार.
रुकडीच्या बस्तीतून आल्यावर आत्यानं
कुर्रर्र करून कानात सांगितलं.
तोच कान पुढं तालमीत मोडला,
अक्रोडासारखा फुगला.
नाव आतच अडकलं असणार.

मी त्याचा जोडीदार. आठ वर्षं एका हौदात,
हळद, तेल, ताक पडलेल्या त्याच मातीत
मी खाली, तो वर.
माझ्या पाठीला माती लागल्याशिवाय
त्यानं हात कधी सोडला नाही.
वस्ताद ओरडायचे, "निकाली हाय गा, निकाली!"
गुणांवरची कुस्ती म्हणजे त्याला
काटा न दाखवता दिलेली उसाची पावती.

मग तो पिंजऱ्यात गेला.
मार्केट यार्डात, गुळाच्या गोदामावर,
पत्र्याखाली मॅट टाकलेली.
मे महिन्यात गांधीलमाश्या आत यायच्या,
घामाला गोड वास सुटायचा.
तिथं तो कोपर मारायला शिकला.

पहिली लढत, चाळीस सेकंद.
दुसरी पुण्यात, गळा आवळून;
समोरच्यानं मांडीवर तीनदा थापटलं.
इंफाळच्या पोराला ढाक लावून पाडला
आणि उठूच दिला नाही.
सहावी, सातवी मला एकत्रच आठवतात,
कारण दोन्हीत मी पाण्याची बाटली उघडेपर्यंत
याचा हात वर.
अकरा लढती. तिसरा राऊंड कसा असतो
ते त्याला ऐकूनच माहीत.

पेपरात छापून आलं, रानटी.

घरी आई दिवस मावळायच्या आत जेवायची,
टीव्हीवर टॉवेल टाकून बसायची.
फोनवर एकच विचारायची,
"किती वेळ चाललं?"
जिंकलास का, ते नाही.
तो सेकंद सांगायचा. ती म्हणायची, बरं.
एकदा टेप सोडवताना मला म्हणाला,
"लवकर संपवलं की पाप कमी लागतंय, भावा.
लांबवत बसलो तर त्याला बी मार, मला बी मार,
आणि तिला झोप नाही."

क्षमावाणीच्या दिवशी
तो यादी घेऊन बसायचा. अकरा फोन.
तोडकं हिंदी: भाई, कुछ दुखा हो तो माफ करना.
एक हसला. एकानं नंबरच बदललेला.
एकानं विचारलं, जबड्याचं बिल भरतोस काय?
भरलं. तीन हप्त्यांत.

बारावी लढत बेंगळुरूला. समोर बेळगावचा गवंडी,
हनुवटी काळ्या दगडातनं काढलेली.
पहिल्या राऊंडला यानं सगळं ओतलं.
दुसऱ्याला हात जड.
तिसऱ्याला माझ्याकडं बघायला लागला,
शेवटची एसटी चुकलेल्या माणसागत.
पंधरा मिनिटं. घंटा.
पंचानं दोघांची मनगटं धरली
आणि सुकुमार उभा राहिला,
कुणीतरी कागद वाचंल म्हणून
मान खाली घालून.

हात बेळगावच्याचा वर गेला.

परतीला, निपाणी सोडल्यावर, आईचा फोन.
"किती वेळ चाललं?"
"पुरा."
पलीकडं नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, "जेवून घे.
रात्र झाली तरी चालंल."

कागलजवळच्या ढाब्यावर
सुजलेल्या बोटांना भाकरी मोडेना,
मी मोडून दिली.
रश्श्यातला बटाटा मात्र
त्यानं स्वतः, एकेक फोड,
बाजूला काढला.